वाचकांचे प्रश्न : गोव्यात नवे घर बांधताना

महाराष्ट्रातून गोव्यात कायमचे राहायला गेलेल्या, किंवा जाण्याच्या तयारीत असलेल्या वाचकांची बरीच पत्रे आली आहेत, म्हणून या वेळी त्यांतील निवडक प्रश्न एकत्र घेतले आहेत. सीमा ओलांडल्यावर भाषा, जेवणखाण, सणवार यांत फारसे परकेपण वाटत नाही, आणि त्यामुळेच अनेकांचा असा समज होतो की घर बांधण्याची रीतही आपल्याकडच्यासारखीच असेल. प्रत्यक्षात जमिनीच्या मालकीचा कायदा तेथे वेगळ्या मुळातून आलेला आहे आणि पुण्याच्या जवळपास चौपट पाऊस पडतो. घराचा आराखडा काढण्यापूर्वी या दोन गोष्टी समजून घ्याव्यात, एवढाच माझा आग्रह आहे.

प्रश्न : निवृत्तीनंतर पुण्याचा फ्लॅट विकून आम्ही दोघे गोव्यात आलो आणि सध्या म्हापशात भाड्याने राहतो. बार्देश तालुक्यात उतारावरचा साडेपाचशे चौरस मीटरचा एक प्लॉट आम्हाला फार आवडला आहे. कागदावर विक्रेत्याच्या दिवंगत वडिलांचे नाव आहे, पण सर्वांची संमती आहे असे थोरला मुलगा सांगतो. एजंटाचे म्हणणे असे की जागा सेटलमेंटमध्ये, म्हणजे वस्तीसाठी ठरवलेल्या झोनमध्ये आहे, सनद नंतर निघेल, इसार मात्र आताच द्या. काय करावे?

इसार आज देऊ नका. आपल्या पत्रातील प्रत्येक वाक्यात एकेक अडचण दडलेली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली अडचण वारसांची. 1867 सालची पोर्तुगीज नागरी संहिता 1870 पासून गोव्यात लागू झाली आणि 1961च्या मुक्तीनंतरही विवाह व कौटुंबिक मालमत्तेविषयीचा तिचा भाग कायम राहिला. वारसाहक्काचा भाग आता 2012च्या गोव्याच्या स्वतंत्र कायद्यात आला आहे. या व्यवस्थेत विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसेल, तर पतिपत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते आणि दोघांचा त्यात निम्मा निम्मा वाटा असतो. त्यामुळे स्थावर मालमत्ता विकताना जोडीदाराची सही लागते, मग कागदावर एकट्याचेच नाव का असेना. वडील वारले, आई हयात आहे, तीन मुले आहेत आणि तिघांचीही लग्ने झाली आहेत असे धरले, तर विक्रीखतावर आई, तीन मुले आणि त्यांचे तीन जोडीदार अशा सात जणांच्या सह्या लागतील. एखादी विवाहित मुलगी पोर्तुगालमध्ये किंवा आखातात असेल, तर तिचे आणि तिच्या नवऱ्याचे रीतसर साक्षांकित कुलमुखत्यारपत्र यावे लागेल. थोरल्या मुलाने तोंडी दिलेल्या संमतीला येथे काहीही किंमत नाही. वारस कोण हे ठरवणारा वारसा दस्त विशेष नोटरीपुढे झाला आहे का, आणि वाटप करून देणारी न्यायालयीन कार्यवाही, जिला गोव्यात सगळे जण इन्व्हेंटरी म्हणतात, ती पूर्ण झाली आहे का, हे दोन प्रश्न विक्रेत्याला आधी विचारा. वारसांत वाद असेल तर इन्व्हेंटरी वर्षानुवर्षे चालते, आणि तेवढा काळ आपला इसार अडकून राहतो.

दुसरी गोष्ट कागदाची. आपल्याकडच्या सातबाऱ्याच्या जागी गोव्याच्या गावांत ‘फॉर्म एक व चौदा’ असतो आणि शहरी भूमापनात ‘फॉर्म डी’. त्यावर केवळ कब्जेदाराचे नाव पाहून थांबू नका. कुळाचा आणि इतर हक्कांचा असे दोन्ही रकाने ओळीने वाचा. कुळाच्या रकान्यात नाव असेल तर ती जमीन विकायचा हक्क मूळ मालकाकडे उरला आहे की नाही हाच प्रश्न आहे, कारण 1976च्या दुरुस्तीने कसणाऱ्या कुळांना मालक मानले गेले. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत घर करून राहणाऱ्या मुंडकाराला 1975च्या कायद्याने संरक्षण आहे आणि राहत्या घराची जागा विकत घेण्याचा हक्कही आहे. कोपऱ्यातले जुने घर ‘नंतर रिकामे करून देऊ’ असे कोणी म्हणाले, तर तो व्यवहार तेथेच सोडावा. शिवाय सातबाऱ्याप्रमाणेच हा उताराही मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. त्यामागची खरेदीखते आणि पोर्तुगीज काळातील भूनोंदणीतले त्या मिळकतीचे वर्णन शोधावे लागते. ते पोर्तुगीज भाषेत असते, म्हणून त्याचे भाषांतर करून घ्या आणि त्यातील चतुःसीमा आजच्या सर्व्हे नकाशाशी जुळतात का ते पाहा. एखाद्या बाजूची हद्द कोमुनिदादच्या, म्हणजे गावाच्या सामाईक संस्थेच्या जमिनीला लागून असेल, तर मोजणी अधिकच काटेकोर करावी. गोव्यातच वकिली करणारा, दिवाणी कामात मुरलेला वकील यासाठी हवा. पुण्यातील आपले नेहमीचे वकील कितीही हुशार असले तरी या कामात त्यांचा उपयोग मर्यादित आहे.

तिसरा मुद्दा झोनचा. ‘सेटलमेंट आहे’ हे वाक्य एजंटाच्या तोंडून ऐकण्याऐवजी सर्व्हे क्रमांक देऊन नगर नियोजन खात्याकडून झोनिंगचा दाखला स्वतः काढा. ती जागा प्रादेशिक आराखड्यानुसार सेटलमेंट आहे, की अलीकडे एखाद्या सर्व्हे क्रमांकापुरता झोन बदलून ती तशी झाली आहे, हे त्यातून शोधा. नगर नियोजन कायद्याच्या कलम 17(2)चा आधार घेऊन असे अनेक बदल झाले, आणि मार्च 2025मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्या कलमाखालील नियम व मार्गदर्शक तत्त्वे रद्द केली. आयुष्याची पुंजी अशा वादातल्या जमिनीत घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सनद म्हणजे 1968च्या महसूल संहितेखालील बिगरशेती वापराची परवानगी. ती देण्यापूर्वी मामलेदार, नगर नियोजन आणि वन खाते यांचे अहवाल मागवले जातात, आणि जमीन खासगी वनक्षेत्रात निघाली तर सगळेच थांबते. सनद ‘नंतर निघेल’ याचा व्यवहारातला अर्थ इतकाच की न निघाल्यास नुकसान आपले. म्हणून सनद विक्रेत्याने काढून द्यावी आणि तोवर मोठी रक्कम देय होणार नाही, अशी अट नोंदणीकृत करारात घाला.

चौथा मुद्दा उताराचा. परवानाधारक सर्व्हेअरकडून समोच्च रेषांचा, म्हणजे जमिनीचा चढउतार दाखवणारा, नकाशा करून घ्या. तीव्र उतारावर, साधारणपणे 25 टक्क्यांपेक्षा जास्त चढ असलेल्या भागात, बांधकाम होऊ दिले जात नाही. आणि त्याहून कमी उतारावरही डोंगर कापायला किंवा सखल जमिनीत भराव घालायला वेगळी पूर्वपरवानगी लागते. जेसीबीने आधी सपाटीकरण करून मग अर्ज करू, असा सल्ला देणारे भेटतील; त्यांचे ऐकू नका, कारण तक्रार झाल्यावर जागा पूर्ववत करण्याचा आदेश निघतो.

आणि कागद निर्दोष निघाले तरी हा प्लॉट जुलै महिन्यात, सलग दोन दिवस पाऊस झाल्यानंतर पाहा. वरच्या बाजूने तांबडे पाणी कोठून शिरते, मे महिन्यात पाचोळ्याने भरलेली जी घळ दिसली होती ती खरे तर व्हाळ, म्हणजे ओढा, आहे का, शेजारच्या कंपाउंडच्या भिंतीला पोट आले आहे का, पोहोचवाट गुडघाभर पाण्यात जाते का, हे त्या एका फेरीत कळते. माती कोणत्या झाडाच्या मुळाशी थांबली आहे आणि कोठून वाहून गेली आहे हेही पाहावे. ती झाडे आपल्या आराखड्यात राहिली पाहिजेत. आपण म्हापशात भाड्याने राहतच आहात, तर एक पावसाळा आणखी थांबायला हरकत नसावी.

प्रश्न : ऑर्चर्ड झोनमधली जमीन निम्म्याहून कमी भावात मिळते आहे. मोठ्या तुकड्यातला पाचशे चौरस मीटरचा अविभक्त हिस्सा आमच्या नावे होईल आणि फार्महाऊस म्हणून घर बांधता येईल, असे सांगितले आहे. हे शक्य आहे का?

नाही. बागायती जमिनीत फार्महाऊसला परवानगी मिळते, पण ती मोठ्या क्षेत्रासाठी आणि त्या क्षेत्राच्या अगदी थोड्या भागापुरतीच. पाचशे मीटरच्या तुकड्याला ती मिळत नाही. अविभक्त हिस्सा म्हणजे आपला नेमका तुकडा कोणता हे कायद्याने ठरलेले नसणे. उद्या आपण मधोमध कुंपण घातले तर इतर हिस्सेदार हरकत घेऊ शकतात, आणि पोटविभागणी मंजूर नसल्यामुळे घराचा परवाना मिळणार नाही. अशा जागांवर प्लॉटच्या खुणा करून, चिऱ्याचे गडगे बांधून त्या विकल्या जातात आणि घेणारे बहुधा परराज्यातलेच असतात. भातशेतीच्या जमिनीबाबत तर 2023चा स्वतंत्र कायदाच आहे. ती शेतकरी नसलेल्याला विकता येत नाही. खाजन जमिनीचा, म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेल्या शेतीचा विचारही करू नका. स्वस्त भाव हेच येथे धोक्याचे लक्षण समजावे.

प्रश्न : नाशिकला आमचे घर आरसीसी फ्रेम आणि विटांचे होते. फोंडा तालुक्यात तळमजला आणि वर एक मजला असे घर बांधायचे आहे. कंत्राटदार चिऱ्याच्या भारवाहक भिंती सुचवतो, तर आमच्या ओळखीचे अभियंता फ्रेमच घाला म्हणतात. कोणाचे ऐकावे?

एकमजली किंवा दुमजली घराला चिऱ्याच्या भारवाहक भिंती पुरेशा असतात, मात्र खोल्या फार मोठ्या नसाव्यात, वरची भिंत खालच्या भिंतीवरच यावी आणि खिडक्या कोपऱ्यांपासून दूर असाव्यात. दिवाणखान्याला वीस फुटांचा मोकळा गाळा आणि कोपऱ्यात काच हवी असेल, तर फ्रेम घ्या आणि चिरा भरणीसाठी वापरा. भारवाहक भिंती निवडल्यास जोते, लिंटेल (दारे-खिडक्यांच्या वरची पातळी) आणि छप्पर या तिन्ही पातळ्यांवर सलग काँक्रीटचे पट्टे घालावेत. खर्च वाचवण्यासाठी कंत्राटदार बहुधा मधला पट्टा फक्त खिडक्यांवर तुटक घालतात, तो पूर्ण फिरवून घ्या.

चिरा, ज्याला रत्नागिरीकडे जांभा म्हणतात, तो खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो आणि हवा लागल्यावर घट्ट होत जातो. म्हणून आजच खाणीतून काढलेला ओला चिरा उद्या भिंतीत बसवू नये. शक्य असल्यास तो थोडे महिने रचून ठेवलेला घ्यावा. ट्रक रिकामा होताना स्वतः उभे राहा. दोन चिरे एकमेकांवर आपटले की टणत्कार यावा. बद्द आवाज आला किंवा कडा हाताने खरवडल्यावर भुगा पडला, तर तो बाजूला काढा. चिऱ्याला छिद्रे असणारच, परंतु त्या छिद्रांत पिवळी किंवा पांढुरकी माती भरलेली असेल तर ती पहिल्या पावसात वाहून जाते आणि भिंतीला पोकळी राहते. गडद तांबूस, जड आणि एकसारखा चिरा बाहेरच्या भिंतींना वापरा, उरलेला आतल्या भिंतींना.

चिरा पाणी शोषतो ही त्याची खरी मर्यादा आहे. जमिनीतला ओलावा वर चढू नये म्हणून जोत्यावर ओलरोधक थर अखंड हवा. तो नसलेल्या घरांत जुलै अखेरीस फरशीपासून दोन फुटांवर ओलीची रेघ उठते आणि तिच्यावरचा रंग पापुद्र्यांनी सुटतो. पाऊस नैर्ऋत्य आणि पश्चिमेकडून आडवा येतो. पूर्वी कोकणात आणि गोव्यात त्या बाजूच्या भिंतींना पावसाळ्यापुरत्या झावळ्या बांधत असत. आज ते काम पुढे आलेल्या छपराने करावे. चिरा उघडा ठेवायचा असेल तर सांधे नीट भरून श्वास घेऊ शकणारे जलरोधक लावा, प्लास्टिकसारखा थर धरणारा चकचकीत रंग लावू नका, कारण आत अडकलेले पाणी बाहेर पडायला वाट उरत नाही.

प्रश्न : काणकोणला समुद्रापासून जवळच आमची वडिलोपार्जित नसलेली, नव्याने घेतलेली जागा आहे. स्लॅब सपाट ठेवून वर गच्ची करावी, असे मुलांना वाटते. खारी हवा आणि पाऊस यांत ती टिकेल का?

गच्ची करण्याआधी हे तपासा की तेथे घर बांधता येते का. भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंतचा पट्टा किनारी नियमनाखाली येतो. ग्रामीण किनाऱ्यावर त्यातील 200 मीटरपर्यंतच्या भागात नवे बांधकाम बहुधा होऊ शकत नाही, आणि उरलेल्या पट्ट्यातही किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाची मंजुरी लागते. भरतीचे पाणी शिरणाऱ्या नद्यांच्या आणि खाड्यांच्या काठांनाही हे नियम लागू आहेत. ही मंजुरी हातात नसेल तर पुढचे वाचून उपयोग नाही.

मंजुरी असेल, तर सपाट गच्चीऐवजी उतरते छप्परच करा. दरवर्षी सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस आणि तोही बहुतांश चार महिन्यांत, अशा ठिकाणी सपाट स्लॅबचा जलरोधक थर काही वर्षांतच दगा देतो. मग वर पत्र्याची शेड चढते, जी गोव्यात असंख्य बंगल्यांवर दिसते आणि जिचा खर्च मूळ अंदाजपत्रकात कधीच धरलेला नसतो. मंगळुरी कौलांना 25 अंशांहून कमी उतार देऊ नये, अन्यथा वाऱ्यासोबतचे पाणी कौलांच्या सांध्यांतून उलटे आत येते. उतरत्या स्लॅबवर कौले लावण्याची पद्धत आता रूढ आहे, पण ती खिळ्यांनी स्लॅबमध्ये ठोकली तर प्रत्येक खिळा हे गळतीचे छिद्र ठरते. स्लॅब आधी जलरोधक करून त्यावर पट्ट्या बसवाव्यात आणि कौले त्या पट्ट्यांवर टेकवावीत. पाखे भिंतीच्या पुढे किमान तीन फूट यावेत. मुलांना बसायला उघडी जागा हवी असेल तर समोर ऐसपैस पडवी किंवा बाके असलेला बल्कांव, म्हणजे दारापुढचा छपराखालचा ओटा, करा. पावसाळ्यातही तो वापरात राहतो, गच्ची मात्र जून ते सप्टेंबर बंदच असते.

काँक्रीटबाबत तडजोड करू नका. किनारी वातावरणासाठी भारतीय मानक 456 प्रमाणे किमान एम 30 प्रतीचे काँक्रीट आणि सळईवर 45 मिलिमीटरचे आवरण लागते. पुण्यातल्या सवयीने 20–25 मिलिमीटर ठेवले की सळई गंजून फुगते आणि काँक्रीटचे ढलपे पडू लागतात. सळईखाली ठेवायचे ठोकळे योग्य जाडीचे आहेत का हे ओतकामाच्या आदल्या दिवशी मोजपट्टीने पाहा. गोव्यात नदीतील वाळूच्या उपशावर बंधने असल्याने वाळू बाहेरून येते आणि कधी कधी खाडीचीही मिसळून येते. शंका असेल तर क्षाराची चाचणी करून घ्या किंवा क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, वापरा.

प्रश्न : जागा पठारावर आहे, नळाचे पाणी अनियमित आहे. विहीर खोदावी का, आणि शोषखड्डा कोठे घ्यावा?

पठारावरच्या जांभ्यातून पाणी भराभर खाली उतरते, त्यामुळे शेजाऱ्यांच्या विहिरी एप्रिल–मे महिन्यांत कोठवर जातात हे पाहिल्याशिवाय खोदू नका. शंभर चौरस मीटर छपरावर वर्षाला सुमारे तीन लाख लिटर पाणी पडते. त्याचा काही भाग टाकीत साठवून आणि उरलेला विहिरीजवळ मुरवून पाहावा. शोषखड्डा विहिरीपासून, आपल्याच नव्हे तर शेजाऱ्याच्याही, किमान 18 मीटर दूर आणि उताराच्या खालच्या अंगाला ठेवा. लहान प्लॉटवर हे अंतर बसवताना घराचीच जागा सरकवावी लागते, म्हणून आराखड्याच्या पहिल्या कागदावर विहीर आणि शोषखड्डा आधी काढावा.

प्रश्न : मी नोकरीसाठी बेंगळुरूत आहे आणि सांगलीची माझी आईवडील मंडळी पेडण्यात राहायला जाणार आहेत. परवान्यांचा क्रम कसा असतो, काम केव्हा सुरू करावे आणि दुरून लक्ष कसे ठेवावे?

पंचायत क्षेत्रात सनद आणि मोजणीनंतर नगर नियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी, मग प्राथमिक आरोग्य केंद्राचा दाखला, आणि शेवटी ग्रामपंचायतीचा बांधकाम परवाना असा क्रम असतो. काम संपल्यावर नगर नियोजन खात्याचा पूर्णत्वाचा आदेश आणि पंचायतीचा भोगवटा दाखला घ्यावा लागतो. घरपट्टी आणि वीज–पाण्याच्या कायम जोडण्या त्यावर अवलंबून आहेत. मंजूर नकाशाबाहेर एखादी बाल्कनी किंवा खोली वाढवली तर हा दाखला अडतो, हे कंत्राटदाराला पहिल्याच दिवशी लेखी कळवा.

परवाना पावसाळ्यापूर्वी हाती आला तरी पाया ऑक्टोबरात खणा. पाणी ओसरलेले असते आणि छप्पर मे अखेरपर्यंत चढवायला सात-साडेसात महिने मिळतात. तेवढ्यात छप्पर होणार नाही असे दिसले, तर भिंती अर्ध्यावर आणून उघड्या ठेवण्यापेक्षा जोत्यावर थांबणे चांगले. गणेशचतुर्थीच्या आसपास आणि शिमग्याला कामगार गावी जातात, ते दिवस वेळापत्रकात आधीच वजा करा.

दुरून लक्ष ठेवण्यासाठी कंत्राटदाराशी संबंध नसलेला स्थानिक अभियंता पगारावर नेमा आणि हप्ते महिन्यावर न ठेवता टप्प्यांवर ठेवा : जोते, लिंटेल, छप्पर, गिलावा, आणि शेवटची दहा टक्के रक्कम पहिला पावसाळा गेल्यानंतर. प्रत्येक टप्प्याला सळईचे आणि ओलरोधक थराचे, मोजपट्टी दिसेल असे फोटो मागवा, कारण त्या दोन्ही गोष्टी नंतर झाकल्या जातात. आईवडिलांना आपले कुलमुखत्यारपत्र देणार असाल तर ते परवाने आणि देयके यांपुरतेच मर्यादित ठेवा. आणि त्यांना बांधकामाच्या काळात पेडण्यातच, जागेपासून चालत जाता येईल अशा अंतरावर भाड्याचे घर घेऊन द्या. रोज संध्याकाळी वडिलांची एक फेरी झाली, तर भिंतींवर पाणी मारले जाते आहे की नाही हे वेगळे विचारावे लागणार नाही.